प्रेपची गोळी, जवळपास वर्षभराच्या वापरानंतर: औषध उत्तम, बाटली भिकार

परवा प्रेपवरून (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी) केमिस्टशी वाजलं, म्हणून हे लिहायला मुहूर्त लागला.

नेहमीचा ऑनलाइनवाला 'आउट ऑफ स्टॉक' दाखवत होता, म्हणून प्रिस्क्रिप्शन घेऊन घराजवळच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने आतून एक खोकं आणून पुढ्यात ठेवलं. सवयीने बारीक अक्षरं वाचली: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर. म्हटलं, हे नाही, मला टेनोफोव्हिर 300 आणि एमट्रिसिटाबिन 200 पाहिजे. तर म्हणे, "तेच आहे सर, उलट यात एक औषध जास्ती आहे." अरे बाबा, तीन औषधांची ती गोळी एचआयव्ही झालेल्यांच्या उपचाराची, आणि माझी दोन औषधांची, होऊ नये म्हणून घ्यायची. मागे एक काका खोकल्याच्या औषधासाठी उभे, त्यांचे कान टवकारलेले. शेवटी मालक बाहेर आले, कागद उलटापालटा केला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "पेशंट कोण?" मी म्हटलं, मीच. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "पण तुम्हाला काही झालेलं दिसत नाही."

अहो, तेवढ्यासाठीच तर घेतोय!

गोळी मिळाली नाहीच. असो. प्रेप म्हणजे काय हे इथे वाचणाऱ्यांना माहीत असतं, त्यामुळे ते सोडून देतो आणि थेट तक्रारीवर येतो. माझी सगळ्यात मोठी तक्रार बाटलीची आहे. हसू नका. तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली, निम्मी रिकामी, आणि चालताना बॅगेत खुळखुळते. ऑफिसच्या लिफ्टमध्ये खुळखुळते, मेट्रोच्या जिन्यावर खुळखुळते. एकदा मीटिंगमध्ये बॅग पायाने सरकवली तर शेजारची सहकारी हात पुढे करून म्हणाली, "मिंट आहे ना? एक दे." मी म्हटलं संपलं. तिने बॅगेकडे बघितलं, मी लॅपटॉपकडे. आई गावाहून आली की बाटली कपाटात मोज्यात गुंडाळून ठेवतो, कारण लेबलवर औषधांची नावं ठळक, आणि शेजारच्या काकू निवृत्त नर्स.

'साध्या डबीत काढून ठेव' असं मित्र सांगतात. नको. या गोळीला दमट हवा चालत नाही, म्हणून तर आत ती सिलिकाची पुडी असते आणि मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवा असं लिहिलेलं असतं. पावसाळ्यात चिपळूणला माझ्या मामाकडे मीठसुद्धा पातळ होतं, तिथे गोळी डबीत टाकायची माझी छाती नाही. सध्या बाटलीत वरून स्वच्छ कापूस दाबून बसवतो. आवाज सत्तर टक्के कमी होतो. स्ट्रिपमध्ये का देत नाहीत हे कोणी कंपनीत कामाला असेल तर विचारून सांगा.

आता गोळी का घेतो. हे लोक विचारतात, आणि विचारताना उत्तर आधीच ठरवून आलेले असतात: मजा मारायची असते म्हणून. मला तर आधी भीतीचाच कंटाळा आला होता. दोन वर्षांपूर्वी कंडोम फाटला. बहात्तर तासांच्या आत पेप (संबंधानंतर लागण टाळायला घ्यायची औषधं) सुरू केली, अठ्ठावीस दिवसांचा कोर्स, रोज मळमळ, आणि वर विंडो पिरियड (लागण असली तरी टेस्टमध्ये दिसत नाही तो काळ) संपेपर्यंत साधी शिंक आली तरी गूगल. समोरच्याला विचारलं होतं, टेस्ट कधी केलीस? म्हणाला, "मी एकदम क्लीन आहे." कधी केलीस? "लॉकडाऊनच्या आधी."

यात एक गोष्ट आहे जी सरळ लोकांना पटकन लक्षात येत नाही. बॉटम असणाऱ्याच्या, म्हणजे संबंधात आत घेणाऱ्याच्या बाबतीत कंडोम दुसऱ्याच्या अंगावर असतो. त्याने तो नीट घातला का, मध्येच काढला का, याचा भरवसा त्याच्यावर. गोळी मात्र सकाळी चहाआधी मी स्वतः गिळलेली असते. कोणाच्या शब्दावर, कोणाच्या मूडवर, कोणी किती प्यायलंय यावर ती अवलंबून नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेक गे पोरांचं कारण फिरून फिरून इथेच येतं. एक लग्न झालेला आहे, तो म्हणतो बायकोसाठी घेतो. यावर माझं मत विचारू नका, पण गोळी घेतो हे बरंच आहे. उलट एका मित्राचा पार्टनर पॉझिटिव्ह आहे, औषधं नियमित, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) कधीचा मोजता न येण्याइतका खाली. तशा माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. दोघं फक्त एकमेकांसोबतच असतात, म्हणून मित्राने डॉक्टरांशी बोलून प्रेप बंद केली. त्याचे पैसे वाचले, मला हेवा वाटतो.

पैशांवर येतो. मला बाटली साधारण दोन हजाराला पडते. सुरुवातीला हिशेब केला आणि पोटात गोळा आला, कारण माझं लैंगिक आयुष्य काही दिवसाला पासष्ट रुपये खर्च करण्याइतकं रंगीत नाही. मग 2-1-1 बद्दल वाचलं: संबंधाच्या दोन ते चोवीस तास आधी दोन गोळ्या, पहिल्या डोसनंतर चोवीस तासांनी एक, अठ्ठेचाळीस तासांनी एक. आधी मला हा कंजूष लोकांचा जुगाड वाटला. पण फ्रान्स आणि कॅनडामध्ये इपरगे नावाची चाचणी याच पद्धतीवर झाली, लागण 86 टक्क्यांनी कमी झाली, आणि लोकांना महिन्याला साधारण पंधरा गोळ्या लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी तिला मान्यता दिली. बायकांना ही पद्धत नाही, आणि हेपॅटायटिस बी असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

दोन महिने 2-1-1 केलं. पैसे वाचले, डोकं गेलं. दोन तास आधी गोळ्या घ्यायच्या म्हणजे दोन तास आधी माहीत पाहिजे. कोथरूडहून येतो म्हणणारा माणूस सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून रद्द करतो आणि तुमच्या एकशे तीस रुपयांच्या गोळ्या पोटात वाया. मग परत रोजची. रोजच्यात एखाद दिवस राहिला तरी आभाळ कोसळत नाही. पण सारखंच राहून चालत नाही. 2010 मध्ये आयप्रेक्स चाचणीचे निकाल आले तेव्हा एकूण फायदा 44 टक्केच दिसला होता, पण ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांच्यात लागण 92 टक्क्यांनी कमी. म्हणजे बाटली विकत घेऊन कपाटात ठेवणाऱ्यांना गोळी काही करत नाही.

त्रास? पहिले दोन आठवडे मळमळ आणि विचित्र स्वप्नं (स्वप्नं गोळीची की ऑफिसची, देव जाणे). नंतर काही नाही. एकदा रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं आलं आणि मी मूत्रपिंडं गेली असं धरून चाललो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जिम? क्रिएटिन पावडर?" दोन्ही हो. पावडर बंद करून परत तपासलं, नॉर्मल. आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे लागू आहे, म्हणून सांगतोय.

हे डॉक्टर तिसरे. पहिल्याने कलमाबद्दल बडबड केली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 मधून आपण 2018 मध्येच सुटलो हे त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. दुसऱ्या म्हणाल्या, "लग्न करून टाका, गरजच पडणार नाही." त्यांना लग्न झालेल्या पुरुषांचे अ‍ॅपवरचे प्रोफाइल दाखवावेत असं मनात आलं होतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दरम्यान तिमाही तपासणी झाली, त्यामुळे थोडं मत बदलून लिहितो. बाटलीवर माझा राग आहे तो आहे, पण या गोळीसोबत येणाऱ्या तपासण्या मी कटकट समजत होतो. या वेळी सिफिलिस निघाला. काहीच लक्षण नव्हतं. पेनिसिलिनचं इंजेक्शन कुल्ल्यात घेतलं, दोन दिवस बसता येत नव्हतं, विषय संपला. प्रेप नसती तर मी दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला कशाला गेलो असतो? प्रेप सिफिलिस, गनोरिया काही अडवत नाही, फक्त एचआयव्ही. त्यामुळे प्रोफाइलवर 'प्रेपवर आहे' लिहिलं की 'मग कंडोम नको ना' असा मेसेज टाकणाऱ्यांना मी हल्ली इंजेक्शनची गोष्ट सांगतो.

एचआयव्हीची तपासणी मी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) करतो, फुकट. पहिल्यांदा तोंड लपवून गेलो होतो. तिथल्या ताईंनी ना भुवया उंचावल्या ना लग्नाचं विचारलं. कोणासोबत, कंडोम किती वेळा, प्रेप चुकते का, एवढं शांतपणे विचारलं आणि नोंद करून म्हणाल्या, "गोळी चांगली आहे, पण हेपॅटायटिस बीची लस घेतली का?" एवढी फी घेणाऱ्या दोन डॉक्टरांना जे सुचलं नव्हतं ते. बी आधीच असेल तर ही गोळी अचानक बंद केल्यावर यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून सुरू करण्याआधी ती तपासणी कराच. क्रिएटिनिन मात्र मी बाहेरच्या लॅबमधून करतो.

एक गोष्ट मला फार आवडते. 2015 च्या सुमारास इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा ही गोळी देत नव्हती, तेव्हा तिथली गे पोरं भारतात बनलेल्या जेनेरिक गोळ्या ऑनलाइन मागवून घेत होती. तिथे ती सर्रास मिळायला 2020 उजाडलं. आणि आपल्याकडे, जिथे ती बनते, तिथला केमिस्ट मला तिसरं औषध घालून देतो.

आता एचआयव्ही टाळायला लेनाकापाव्हिरचं इंजेक्शन आलंय, सहा महिन्यांतून एकदा, पोटाच्या कातडीखाली. अमेरिकेत जून 2025 मध्ये मंजूर झालं आणि तिथे वर्षाची किंमत अठ्ठावीस हजार डॉलरच्या वर. जेनेरिक बनवायचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांमध्ये आपल्या पुण्याची एमक्युअरही आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्या जेनेरिकसाठी 2027 पासून वर्षाला चाळीस डॉलरचा भाव जाहीर झालाय, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी. म्हणजे साडेतीन हजार रुपये, जे मी दोन महिन्यांतच घालवतो. इथल्या दुकानात ते कधी आणि केवढ्याला येतं ते बघू.

तोवर दोन बाटल्या आगाऊ घेऊन ठेवतोय. ऑनलाइनवाल्याकडे काल स्टॉक आला. घेताना एक्स्पायरी बघा, गेल्या वेळी त्याने चार महिन्यांची उरलेली खपवली होती.