महाटेंडर्स की जेम? अंबडच्या एका शेडमधून

गेल्या दोन महिन्यांत नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या निदान पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. सरकारी पुरवठ्यात उतरायचं आहे, हाताशी माणसं कमी आहेत, मग आधी महाटेंडर्स, म्हणजे राज्याचं निविदांचं पोर्टल, की जेम, म्हणजे केंद्राचं सरकारी खरेदीचं पोर्टल? सिंहस्थ 2027 मध्ये आहे, शहरात कामं निघत आहेत, आणि दोन-तीन मोठ्या कारखान्यांच्या ऑर्डरींवर वर्ष काढणं ज्यांना जड जातं त्यांचं लक्ष आता सरकारी खरेदीकडे लागलं आहे. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

माझं काम फॅब्रिकेशनचं. लोखंडी कपाटं, रॅक, शाळेचे ड्युअल डेस्क. दोन्हीकडे मी आठेक वर्षं बिड, म्हणजे बोली, भरतो आहे. डिजिटल सही कशी काढायची, उद्यम नोंदणी कशी करायची हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. रस्ते, गटारी, इमारती करणाऱ्यांना मात्र या लेखाचा उपयोग नाही. बांधकामाचे ठेके जेमवर निघत नाहीत, त्यांना महाटेंडर्सशिवाय वाट नाही. हे लिहितो आहे वस्तू पुरवणाऱ्यांसाठी.

आधी थोडं मागचं, कारण पुढचा मुद्दा त्याच्याशीच बांधलेला आहे. माझे वडील कागदी निविदांच्या काळात हाच धंदा करायचे. तेव्हा कोरा निविदा फॉर्म कार्यालयातून विकत घ्यावा लागे. फॉर्म कोणी कोणी नेला त्याची यादी खिडकीच्या आत असायची, आणि ती संध्याकाळपर्यंत बाहेर यायची. शेवटच्या दिवशी निविदापेटीपाशी चार जण उभे असत. कोणी मारहाण करत नसे, नुसतं विचारत, "कशाला त्रास घेता?" वडील दोनदा लाखेचं सील केलेला लिफाफा खिशात ठेवून घरी परत आले, हे आईने मला सांगितलेलं आहे. पैसे किती खाल्ले गेले ते वेगळंच. नाव फुटलं की स्पर्धा संपते, एवढं मला त्या घरात कळलं.

राज्यात त्या काळी दरकरारावरही, म्हणजे दर वेळी निविदा न काढता आधी ठरलेल्या दराने, भरपूर खरेदी होई. 2015 साली महिला व बालविकास विभागाच्या 206 कोटींच्या खरेदीवरून वादळ उठलं ते याच पद्धतीवरून. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पुढे त्यात क्लीन चिट दिली, पण खरेदी कशी व्हावी हा प्रश्न उघड्यावर आला तो आलाच. 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने राज्याची नवी खरेदी नियमपुस्तिका आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने जेम सुरू केलं, पुढच्या वर्षी डीजीएस अँड डी हे जुनं खरेदी खातं बंद झालं, आणि 2017 मध्येच महाराष्ट्रानेही जेम स्वीकारलं. 

महाटेंडर्सबद्दल मी वाईट बोलणार नाही. केंद्राच्या एनआयसी या संगणक संस्थेची ती यंत्रणा भक्कम आहे. दर कुलूपबंद जातो, उघडायला एकाहून अधिक अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या लागतात, आणि वेळ सर्व्हरच्या घड्याळाची, शिपायाच्या मनगटावरची नाही. पाच वाजता बंद म्हणजे पाचला बंद. निकालही लॉगिन न करता कोणालाही पाहता येतो: कोण भरलं, कोण तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागदपत्रांच्या छाननीत, बाद झालं, कोणाचा दर काय. नाशिकला बसून धुळ्याची निविदा भरता येते. वडिलांच्या पिढीला हे खरं वाटलं नसतं. शिवाय इथे खरेदी मोठी निघते. एकेका निविदेत सहा महिन्यांचं काम मिळून जातं, जेमवर तसं क्वचित.

मग अडलं कुठे? हार्ड कॉपीत.

बऱ्याच निविदांच्या अटींमध्ये, दहाव्या-बाराव्या पानावर, एक ओळ असते: ऑनलाइन सादर केलेल्या कागदपत्रांचा एक संच, मूळ प्रतिज्ञापत्र आणि वस्तूचा नमुना निविदा बंद होण्यापूर्वी कार्यालयात जमा करावा. सगळ्या कार्यालयांत नाही, पण जिथे असते तिथे तिचा अर्थ नीट लक्षात घ्या. दर गुप्त आहे, पण तुम्ही भरताय ही गोष्ट गुप्त राहिलेली नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही. 110 ड्युअल डेस्कची निविदा होती. नमुना डेस्क आणि मूळ प्रतिज्ञापत्र आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत भांडार शाखेत द्यायचं होतं. छोट्या हत्तीत डेस्क टाकून मी स्वतः गेलो. तिथे आवक नोंदवही होती. फर्मचं नाव, गाव, मोबाइल नंबर, वेळ, सही. माझ्या वर तीन नावं होती, ती मी वाचली. माझ्यानंतर येणारा माझंही वाचणार होता. नमुने व्हरांड्यात ओळीने ठेवलेले, प्रत्येकावर चिठ्ठी.

परत येताना द्वारका चौकात सिग्नलला उभा असताना फोन आला. सहा वाजून गेले होते. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलत होता. "भाऊ, डेस्क पाहिला तुमचा, काम चांगलं आहे. रेट टाकला नसेल तर जरा वर टाका. पुढच्या वेळी तुमचं बघू." दर मी तोवर खरंच टाकला नव्हता. तो रात्री टाकायचा होता.

मी माझा खरा दर टाकला. आठवड्याने तांत्रिक लिफाफ्याचा निकाल लागला. मी बाद. कारण: प्रतिज्ञापत्राच्या पानांना क्रमांक दिलेले नाहीत. नोंदवहीत माझ्या वर ज्यांची नावं होती ते तिघे पुढे गेले. यात कोणी कोणाकडून पैसे घेतले असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तसा पुरावा नाही. अट छापलेली होती, क्रमांक घालायला मी चुकलो होतो. माहिती अधिकारात अर्ज केला, कागदही मिळाले, पण ते हातात पडेपर्यंत डेस्क शाळांमध्ये पोचले होते. मला छळतो तो त्या फोनचा भाग. एवढी मोठी संगणकीय यंत्रणा, एवढं कुलूप, आणि नावांची यादी पुन्हा खिडकीच्या आतून संध्याकाळपर्यंत बाहेर. वडिलांच्या वेळी जी होती तीच.

त्या महिन्यात मी जेमच्या बिडची कागदपत्रं पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत वाचली. तुम्हीही वाचा. प्रत्येक बिडच्या तळाशी बारीक अक्षरात एक यादी असते. खरेदीदाराने आपल्या जादा अटींमध्ये, म्हणजे एटीसीमध्ये, अमुक गोष्टी घातल्या तर त्या रद्दबातल समजाव्यात असं तिच्यात म्हटलेलं आहे. कागदपत्रं प्रत्यक्ष स्वरूपात मागून त्यावर पात्रता ठरवणं, हे त्यात आहे. बिडसोबत नमुना मागणं, हेही. विशिष्ट ब्रँड किंवा मेकचं नाव घालणं, ठरावीक संस्थेतलाच अनुभव मागणं, निविदा फी मागणं, ज्यांना बयाणा रकमेतून सूट आहे त्यांच्याकडून ती मागणं, असं बरंच. आमच्या धंद्यात माणसाला बाहेर काढायच्या जेवढ्या वाटा मला माहीत आहेत त्यातल्या बहुतेक तिथे एकेक करून लिहिलेल्या आहेत. ज्याने ती यादी केली त्याने कोणाचं तरी ऐकून घेतलं असणार.

म्हणून तिथे सगळं पाळलं जातं असं नाही. एटीसीत नमुना मागितलेला मी पाहिला आहे. पण तेव्हा बोट ठेवायला छापील ओळ असते. बिडमध्येच स्पष्टीकरण मागता येतं, आणि तांत्रिक छाननीत बाद केलं तर ठरलेल्या मुदतीत, साधारण 48 तासांत, ऑनलाइन हरकत घेता येते. मला एकदा असंच बाद केलं, कारण दिलं होतं की अनुभवाचा दाखला जोडलेला नाही. दाखला जोडलेला होता. मी फक्त पान क्रमांक लिहून हरकत टाकली आणि दुसऱ्या दिवशी पात्र ठरलो. ती बिड पुढे माझ्या हातून गेलीच, नगामागे 40 रुपयांनी. पण माझा दर उघडला गेला, आणि कोणत्याही कार्यालयाचा जिना चढावा लागला नाही. कोण भरतंय हे बिड उघडेपर्यंत कोणाला कळलं नाही, कोणाचा फोन आला नाही.

आता जेमचे काटे, कारण ते लपवले तर तुम्ही सहा महिन्यांनी मलाच धराल.

रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे पुरवठादारांनी एकमेकांखाली दर उतरवत नेण्याचा ऑनलाइन लिलाव, हे छोट्या माणसाचं रक्त पिणारं प्रकरण आहे. शेवटच्या दहा मिनिटांत दर पत्र्याच्या भावाखाली जातो. आपला तळाचा आकडा आधी कागदावर लिहून ठेवा आणि त्याच्या खाली बोट नेऊ नका. दुसरं म्हणजे लहान खरेदी. केंद्राच्या नियमांनी 50,000 रुपयांपर्यंत खरेदीदार थेट घेऊ शकतो, आणि त्यावर 10 लाखांपर्यंत निदान तीन उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी दराचा. तुलनेत फिल्टर लावता येतात: पत्र्याची जाडी, कप्पे, कुलपाचा प्रकार. फिल्टर असे लागू शकतात की ठरावीक माणूसच स्वस्त दिसावा. तसं होतं असा माझा अंदाज आहे, सिद्ध करता येणार नाही. स्क्रीनवरची तुलना जपून ठेवलेली असते आणि लेखापरीक्षणात तिला उत्तर द्यावं लागतं, एवढा धाक मात्र आहे. गावोगावी चालणाऱ्या तीन कोटेशनांना, जी पुष्कळदा एकाच टेबलावर टाइप होतात, तोही नसतो.

तिसरा काटा सर्वांत खोल. माल पोचल्यावर कन्साइनीने, म्हणजे माल ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याने, दहा दिवसांत स्वीकृतीचा दाखला, आमच्या भाषेत क्रॅक, द्यायचा आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, असा नियम. माझा सर्वांत वाईट अनुभव 71 दिवसांचा आहे. बटण दाबणारा हात माणसाचाच आहे आणि भ्रष्टाचाराला वाव राहिला आहे तो तिथेच, असं मला वाटतं. माझ्याकडे उघड कोणी काही मागितलं नाही. "बघतो साहेब" एवढंच ऐकत राहिलो. 2006 च्या एमएसएमई कायद्यात 45 दिवसांची मर्यादा आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते. पण पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे माल उतरवायचा असतो, म्हणून छोटा उद्योजक तिथे जायला कचरतो. मीही कचरलो. राज्याच्या कार्यालयांतही उशीर होतो, "निधी आला नाही" हे तिथलं कारण असतं आणि ते पुष्कळदा खरं असतं. पैशांच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं करायला माझं मन होत नाही.

नाशिककरांसाठी जेमच्या बाजूने आणखी एक गोष्ट. ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे दोन्ही प्रेस, देवळालीचं तोफखान्याचं ठाणं अशी केंद्राची मोठी आस्थापनं आपल्या तासाभराच्या अंतरात आहेत. केंद्रीय खात्यांनी आणि उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला 25 टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असं धोरण आहे, आणि आपला दर सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर तो जुळवून काही माल द्यायची संधी मिळते. हे उत्पादकाला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. ज्याचं स्वतःचं शेड आहे त्याने ते सोडू नये. 10 लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर जेम शुल्क घेत नाही, त्याहून मोठ्या ऑर्डरवर 0.30 टक्के, ते दरात धरा.

तेव्हा माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष जेमला द्या. कॅटलॉग नीट भरा, फोटो स्वतःच्या मालाचे लावा, दोन-तीन ऑर्डरी वेळेत पोचवा. तुमचं सगळं गिऱ्हाईक जिल्हा परिषदांचं आणि पालिकांचंच असेल तर माझं म्हणणं तुम्हाला लागू होणार नाही कदाचित. तिथे मोठी निविदा अजून महाटेंडर्सवरच येते.

मीही तिथलं दार बंद केलेलं नाही. रोज सकाळी नोटिसा बघतो. आवडली ती निविदा उघडली की आधी शेवटची पानं वाचतो, हार्ड कॉपी कधी मागितली आहे ते शोधतो. बंद होण्याआधी मागितली असेल तर निविदापूर्व बैठकीच्या तारखेआधी लेखी विचारतो: हे कागद दर उघडल्यावर फक्त न्यूनतम निविदाधारकाकडून, म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याकडून, घेता येतील का? सात-आठ वेळा विचारलं. बहुतेकदा उत्तर आलं नाही. गेल्या पावसाळ्यात एका कार्यालयाने मात्र शुद्धीपत्रक काढलं. "सर्व निविदाधारकांनी" हे शब्द खोडून "न्यूनतम निविदाधारकाने" केले. ती निविदा अकरा जणांनी भरली. माझा नंबर तिसरा आला.