नव्या डिस्कची खरखरीत कड: वॉटर पेपर, ब्लेड की नुसतं मैदान?

डिस्क गोल्फची (चेंडूऐवजी तबकडी फेकत खेळायच्या गोल्फची) नवी डिस्क पार्सलमधून काढून कडेवरून बोट फिरवलं, की बऱ्याचदा कुठेतरी बारीक धार लागते. माल खराब आला असं समजून परत पाठवायची घाई करू नका. साच्याच्या दोन भागांत दाबाने प्लास्टिक भरून डिस्क तयार होते. ते भाग जिथे मिळतात तिथून थोडं प्लास्टिक बाहेर सरकतं आणि पापुद्र्यासारखं थिजतं. याला फ्लॅश म्हणतात. तो मुंबईतल्या मोल्डिंगच्या गाळ्यांतून निघणाऱ्या बादल्या-झाकणांनाही असतो. पण डिस्क पूर्ण ताकदीने बोटांतून सुटते, म्हणून इथे तो टोचतो. मे महिन्यात घामाने भिजलेल्या हाताला तर फारच.

काय वापरायचं हे ठरवण्याआधी फ्लॅश नेमका कुठे आहे ते पाहा. कापसाचा बोळा कडेवरून हलकेच फिरवा. जिथे तंतू अडकून राहतात तेवढीच जागा घासायची, बाकी कडेला हात लावायचा नाही. आतल्या बाजूला, जिथे बोटं रुततात, तिथला फ्लॅश काढायलाच हवा आणि त्याने उडण्यात फारसा फरकही पडत नाही. बाहेरच्या जोडरेघेवर मात्र जपून. ही रेघ डिस्कच्या तळापासून किती उंच आहे, यावर डिस्क शेवटी किती वळणार हे बरंचसं ठरतं. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची डिस्क वेग ओसरताना डावीकडे वळते. कड घासत गेलात की ते वळण कमी होतं आणि जोरात फेकलेली डिस्क उजवीकडे कलंडायला लागते. एकदा घासलेलं प्लास्टिक परत येत नाही.

माझं मत सरळ आहे: बहुतेकांनी वॉटर पेपर घ्यावा. गाड्यांचं रंगकाम करणारे वापरतात तोच काळा कागद. नागदेवी स्ट्रीटपर्यंत जायचीही गरज नाही, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात मिळतो. 400 नंबर आणि 600 नंबर, एकेक कागद पुरे. दोन बोटांएवढा तुकडा कापून दुमडा, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि कडेच्या दिशेनेच, जवळजवळ न दाबता फिरवा. आधी 400, टोचणं थांबलं की 600. दर चार-पाच हातांनंतर बोट फिरवून पाहायचं. कोरडं घासू नका. महागड्या डिस्क बहुधा टीपीयूच्या, म्हणजे रबरासारख्या चिवट प्लास्टिकच्या असतात, आणि ते प्लास्टिक घर्षणाने तापलं की नीट झिजत नाही. त्याला लव फुटल्यासारखे तंतू सुटतात आणि कड आधीपेक्षा वाईट लागते. पाण्याने ते थंड राहतं, भुकटीही कागदात अडकत नाही. ती भुकटी ओल्या फडक्याने टिपून कचऱ्यात टाका. बेसिनमध्ये सोडलीत तर हे प्लास्टिक गटारातून शेवटी समुद्रातच जायचं.

ब्लेड झटपट काम करतं, आणि तोच त्याचा धोका. कटरचं पातं उभं धरून नुसतं खरवडायचं असतं, कापायचं नसतं. पण टीपीयू रबरासारखं असल्यामुळे पातं मध्येच अडकतं, मग उडी मारतं आणि कडेला खाच पडते. ती खाच बुजवता येत नाही, ती घालवायला आजूबाजूची कड उतरवावी लागते. बोट कापण्याची भीती वेगळीच. एखादा तंतू लोंबत असेल तर नेलकटरने तोडा. सलग जाड पट्टी आली असेल आणि हात सरावलेला असेल तरच पातं उचला, शेवटचा हात तरीही वॉटर पेपरचाच.

साध्या, स्वस्त प्लास्टिकची डिस्क घेतली असेल तर बाहेरच्या कडेला काहीच करू नका. ती मऊ असते. शिवाजी पार्कची माती किंवा जुहूची ओली वाळू तिची धार आपसूक उतरवते, आणि तेवढ्यात तिचं उडणंही थोडं बदलतंच. त्यात आणखी कागद कशाला चालवायचा? टीपीयूच्या डिस्कवर मात्र मैदानाचा भरवसा नाही. ती झीज सोसते म्हणूनच महाग असते, आणि तिचा फ्लॅशही तितकाच चिवट निघतो.

लायटरने कड वितळवू नका: आच एकसारखी लागत नाही आणि कडेचा आकारच बिघडतो. फुटपाथवर घासणंही नको, एक धार जाऊन दहा ओरखडे येतात. नेलफाइल चालते, पण आतल्या बाजूच्या एखाद्या ठिपक्यापुरतीच.

स्पर्धा खेळायची असेल तर पीडीजीएचा, म्हणजे या खेळाचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचा नियम लक्षात ठेवा. साच्यातले दोष किंवा ओरखडे गुळगुळीत करण्यापुरतं माफक घासणं चालतं. उडणं बदलेल इतकं घासलं तर डिस्क बाद. कडेची गोलाई किमान 1.6 मिलिमीटर त्रिज्येची हवी, ही अट डिस्कला मान्यता देतानाच पाळलेली असते. ती कड कानशीने बारीक करणं म्हणजे समोरच्याला इजा करण्याची सोय.

पावसाळ्यात पकड मिळावी म्हणून थोडा फ्लॅश राहू द्यावा, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. ओल्या दिवशी पकड येते ती कोरड्या टॉवेलने आणि स्वच्छ डिस्कने. म्हणून घासून झाल्यावर डिस्क साबणाने धुवून पूर्ण पुसा. भुकटीचा पातळ थर राहिला तर पहिल्याच फेकीला ती हातातून निसटते.