स्कारबरोतलं त्रिनिदादी रोटीचं दुकान: आठ महिन्यांनंतर

टोरांटोच्या पूर्व भागात, स्कारबरोत, त्रिनिदादी आणि गयानी रोटीची दुकानं बरीच आहेत. हा अनुभव त्यातल्या एका छोट्या दुकानाचा. पाच-सहा टेबलं, काउंटरवर सांगायचं, नंबर पुकारला की उचलायचं. साधारण आठवड्याला एक फेरी, असे आठ महिने.

आपली माणसं तिथे जातात, आधी करी चाखतात, "ही आपल्यासारखी नाही" म्हणतात आणि परत फिरकत नाहीत. पारख करायची ती रोटीची. करी बहुतेक दुकानांत बरी असते, रोटी मात्र फार थोड्यांना जमते. तिथे 'रोटी' म्हटलं की करी आत भरून गुंडाळलेली रोटी मिळते. नुसती रोटी हवी असेल तर 'रोटी स्किन' म्हणून मागायची.

पहिली दालपुरी, म्हणजे डाळ भरलेली रोटी. तिचं तंत्र पुरणपोळी करणाऱ्याला बघताक्षणी कळतं. सैलसर मैद्याचा उंडा, आत सारण, पातळ लाटून तव्यावर तेलाचा हात. मात्र आकार जेवणाच्या ताटाएवढा किंवा त्याहून मोठा. सारण पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं, त्यात हळद, लसूण, मीठ आणि चांगलं काळपट भाजलेलं जिरं. डाळ शिजवण्याचं गणित पुरणाच्या उलट आहे. पुरणाची डाळ बोटांत लोण्यासारखी झाली पाहिजे. इथे ती दाबल्यावर तुटावी, पण लगदा होता कामा नये. मग निथळून, कोरडी करून, बारीक रव्यासारखी दळायची. जास्त शिजली तर सारण ओलं होऊन पोळी लाटताना फुटते. जाड दळली तर कण आतून टोचून पापुद्रा फाडतात आणि खाताना निम्मी डाळ मांडीवर सांडते. या दुकानात दुपारी साडेअकरा ते दोन या वेळेत मिळणारी दालपुरी अव्वल. संध्याकाळी सातनंतर मिळते ती गरम पेटीत तासन्‌तास पडलेली, तिच्या कडा वातड. एक तुकडा तोडून कडेला बघा: तिथपर्यंत डाळ पोचली असेल तर लाटणारा हात चांगला.

दुसरी 'बस अप शट', म्हणजे फाटक्या शर्टासारखी. उंड्याची पोळी लाटून तूप किंवा लोणी फासायचं, मध्यापासून कडेपर्यंत एक काप द्यायचा, शंकूसारखी गुंडाळून मुरत ठेवायची आणि पुन्हा लाटायची. शेकून झाली की तव्यावरच दोन लाकडी उलथन्यांनी बडवून तिच्या चिंध्या करतात. आत सारण नसतं, त्यामुळे रस्सा ओढून घ्यायला हिच्यासारखी दुसरी नाही. बसून खायचं असेल तर हीच घ्या, करी वेगळ्या डब्यात. रस्त्यात खायचं असेल तर दालपुरीची गुंडाळलेली रोटी.

आता करी. त्यात कांदा-टोमॅटोचं वाटण नसतं, दही नसतं, खोबरंही सहसा नसतं. करी पावडर पाण्यात कालवून लसणाच्या गरम तेलात टाकतात आणि तेल सुटेपर्यंत परततात. हळद, धने, जिरं, मेथी हा तिचा कणा, मिरची नावापुरती. परतणं कमी पडलं की हळद-मेथीचा कच्चट वास राहतो. या दुकानात गर्दीच्या शनिवारी तो दोन-तीनदा आला, एरवी नाही. मांस आधी हिरव्या वाटणात मुरवतात: थाइम नावाचा सुगंधी पाला, पातीचा कांदा, लसूण आणि शॅडो बेनी, म्हणजे लांब काटेरी पानांची, कोथिंबिरीपेक्षा उग्र वासाची भाजी. तिला तिकडे 'बंधनिया' असंही म्हणतात. शब्द सगळे ओळखीचे निघतात, गीरा (जिरं), तलकारी (तरकारी), चोखा (भरीत), फोडणीला 'चुंके', कारण भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचं पहिलं जहाज ३० मे १८४५ ला त्रिनिदादला लागलं, भरती १९१७ पर्यंत चालली आणि त्यातले बहुतेक भोजपुरी मुलखातले होते. म्हणून चव शोधायची तर बिहारकडची शोधा, कोल्हापूरची नको.

बोकडाच्या करीत हाडं असतातच, तीही कुऱ्हाडीनं फोडलेली, बारीक कपच्यांसकट. गुंडाळलेल्या रोटीत ती दिसत नाहीत, त्यामुळे पहिला घास जपून. मुलांसाठी 'बोनलेस' चिकन सांगा. शाकाहारींनी आलू-चना नेहमीचा म्हणून घेऊ नये. भोपळा आणि पालेभाजी अर्धी-अर्धी भरून मागावी, तोंडात गोड-तिखट छान जमतं. 'बोडी' म्हणजे चवळीच्या लांब शेंगा. पळ्या वेगळ्या आहेत का आणि रोटीला कोणतं तूप लावतात, हे स्पष्ट विचारावं. इथे विचारल्यावर पळी बदलून देतात, न विचारता नाही.

तिखट सांगताना मराठी तोरा नको. 'स्लाइट' म्हणजे थोडं, आणि तेच पुरतं. तिखटपणा करीमध्ये नसतो, वरून घातलेल्या स्कॉच बॉनेट मिरचीच्या सॉसमध्ये असतो, आणि गुंडाळताना तो सॉस एकाच जागी पडला तर सगळा जाळ एका घासात येतो. सॉस बाजूला मागणं शहाणपणाचं.

गुंडाळलेल्या रोटीचा खरा शत्रू रस्सा. पंधरा-वीस मिनिटांत तळाचा पापुद्रा भिजतो आणि फाटतो. 'लेस ग्रेव्ही' सांगा, कागद एकदम सोडू नका, वरून खाल्लं तेवढाच खाली करत जा. सुरीकाट्यानं खाणारेही दिसतात, त्यात काही कमीपणा नाही.

शनिवारी सकाळी डबल्स मिळतात: हळदीचे दोन मऊ तळलेले 'बारा' (पुरीसारखे), वर पातळ छोले, चिंच, काकडी आणि कुचेला, म्हणजे किसून वाळवलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. हे उभ्यानं खायचं. घरी नेलं तर लापशी होते. सहीना जरूर घ्या, अळूच्या पानांची आणि डाळीच्या पिठाची तळलेली वडी आहे. आपल्या अळूवडीइतकी नेटकी गुंडाळी नसते, गूळही नसतो, पण चिंचेची चटणी ती कसर भरून काढते.

घरी न्यायच्या तर नुसत्या स्किन घ्या, सहाच्या पटीत स्वस्त पडतात. दालपुरीतली डाळ उन्हाळ्यात बाहेर ठेवली की त्याच दिवशी आंबते, म्हणून फ्रिजमध्ये दोन दिवस, नाहीतर मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये. गरम करताना तवा नको, कडक होते. ओलसर कागदी रुमालात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये तीस-चाळीस सेकंद. बस अप शट मात्र गोठवू नका, पदर एकमेकांना चिकटून त्याची जाड पोळी होते.

सोमवारी बंद.