रेडिंगमधील इलेक्ट्रिक शॉवर आणि केबलची योग्य जाडी: एका इलेक्ट्रिशियनच्या कामाविषयी

इंग्लंडमधील रेडिंगच्या आमच्या घरात आधीच्या मालकांनी बसवलेला ८.५ किलोवॉटचा इलेक्ट्रिक शॉवर गेल्या हिवाळ्यात बंद पडला आणि त्याच्या जागी १०.५ किलोवॉटचा घ्यायचे ठरले. कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर आम्ही आठवडाभर विचार केला, पण त्याला वीज पुरवणाऱ्या केबलचा विचार आमच्या मनातही आला नव्हता. तो ज्यांनी केला, त्या नोंदणीकृत स्थानिक इलेक्ट्रिशियनच्या कामाविषयी हा अभिप्राय लिहीत आहे.

पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाच्या डोक्यात गिझरचा हिशेब असतो. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर साधारण १३ अँपिअर घेतो आणि १६ अँपिअरच्या पॉइंटवर निमूटपणे चालतो. इथल्या शॉवरला मात्र थंड पाणी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या काही क्षणांतच तापवायचे असते. हिवाळ्यात नळाचे पाणी पाच अंशांवर असेल, तर ते चाळीस अंशांपर्यंत नेताना ८.५ किलोवॉटमध्ये मिनिटाला जेमतेम साडेतीन लिटर धार मिळते आणि १०.५ मध्ये सव्वाचार लिटरच्या आसपास. या पाऊण लिटरासाठी प्रवाह ३५ अँपिअरवरून जवळजवळ ४४ अँपिअरवर जातो, कारण खोक्यावरची किलोवॉटची संख्या २४० व्होल्ट धरून छापलेली असते.

आधी बोलावलेल्या एका कारागिराने माळ्यावर न चढताच ‘जुनी सहा स्क्वेअर एमएमची (म्हणजे तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ तेवढे असलेली) केबल आहे, चालेल’ असे सांगून कमी दर दिला होता. त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, कारण सहाची सपाट ट्विन अँड अर्थ केबल (विजेच्या दोन तारा आणि अर्थिंगची एक तार एकाच आवरणात असलेली) भिंतीवर उघडी, क्लिपा मारून नेली असेल तर ब्रिटिश मानक बीएस ७६७१ तिला ४७ अँपिअरपर्यंत मान्यता देते. आमची केबल तशी नव्हती. दुसऱ्या गृहस्थांनी किमतीचा विषय काढण्याआधीच विजेरी घेऊन माळा गाठला आणि ती केबल काचलोकरीच्या जाड थराखाली पुरलेली असल्याचे मला दाखवले. घराची ऊब टिकावी म्हणून इकडे माळ्यावर २७० मिलिमीटरपर्यंत लोकर अंथरतात, पण तीच लोकर केबलमधली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. शंभर मिलिमीटरहून जाड थराखाली सहाच्या केबलची मर्यादा २७ अँपिअरवर येते. म्हणजे जुन्या शॉवरलाही ती अपुरीच होती. छताच्या दोरीच्या स्विचमधील टर्मिनल उष्णतेने तपकिरी पडले होते. ते ढिल्या स्क्रूमुळेही होऊ शकते, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले आणि सगळा दोष केबलवर टाकला नाही.

मला सर्वांत मोलाची वाटली ती पुढची गोष्ट. दहा स्क्वेअर एमएमची केबल त्याच जागी टाकून ते मोकळे होऊ शकले असते, आणि मी समाधानाने पैसेही दिले असते. पण लोकरीखाली दहाच्या केबलचीही मर्यादा ३६ अँपिअरच आहे, हे त्यांनी त्याच मानकाच्या तक्त्यात बोट ठेवून दाखवले. त्यामुळे त्यांनी नवी केबल लोकरीच्या वरून, लाकडी तुळयांना क्लिपा मारत नेली आणि जिथे ती खाली उतरते तिथली लोकर बाजूला सारली. अशा मोकळ्या मार्गावर तीच केबल ६४ अँपिअर पेलते. लांबी १८ मीटर भरली. त्यावर व्होल्टेजची घट साडेतीन व्होल्टच्या आसपास येते आणि मर्यादा साडेअकराची आहे, तेव्हा त्या बाजूने काळजी नव्हती. पॅनेलमध्ये ४५ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच), सोबत ३० मिलिअँपिअरचे आरसीडी संरक्षण (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे) आणि छताला नवा दोरीचा स्विच, एवढे काम एका दिवसात झाले. शेगडीही विजेवरची असल्यामुळे घराचा मेन फ्यूज किती अँपिअरचा आहे, हेही त्यांनी आधीच पाहून घेतले होते.

उणिवा दोन. स्नानगृहाच्या भिंतीत केबलसाठी पाडलेली खाच त्यांनी जेमतेम बुजवली, त्यामुळे गिलावा आणि रंग आम्हाला वेगळा करून घ्यावा लागला, आणि हे आधी सांगायला हवे होते. शिवाय एकूण खर्च पहिल्या दराच्या जवळजवळ दुप्पट झाला. त्याविषयी माझी तक्रार नाही, कारण त्यातला मोठा भाग माळ्यावर गुडघ्यांवर रांगत केलेल्या कामाचा होता.

इंग्लंडमध्ये नवे सर्किट टाकणे बांधकाम नियमांच्या पार्ट पी या घरगुती वीजकामाच्या भागाखाली स्थानिक प्रशासनाला कळवावे लागते आणि नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन ते स्वतःच कळवतो. आम्हाला मिळालेल्या प्रमाणपत्रावर केबलची जाडी, ती नेण्याची पद्धत आणि आरसीडी किती मिलिसेकंदांत तुटतो याची मोजणी नोंदलेली आहे. तो कागद मी घराच्या खरेदीच्या कागदपत्रांसोबत ठेवला आहे, आणि लोकर अंथरणारे पुन्हा कधी माळ्यावर चढले तर त्यांना दिसावे म्हणून तुळईवर खडूने लिहिले आहे की केबलवर लोकर टाकू नये.