मनगटाच्या कंडरांचा क्षयरोग: केवळ औषधे की शस्त्रक्रियेची जोड?

कंडरा म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे; मनगटातील या कंडरांभोवतीच्या आवरणात क्षयरोग शिरला की सूज सावकाश वाढते, वेदना बेताचीच असते, आणि म्हणूनच तिला संधिवात समजून अनेक महिने वाया जातात. निदान लवकर झाले असेल, आवरण थोडेच सुजलेले असेल आणि बोटांची हालचाल शाबूत असेल, तर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल या औषधांवरच भिस्त ठेवता येते. हा उपचार किमान 6 महिने, अनेकदा त्याहून अधिक काळ चालतो.

शस्त्रक्रियेचे पारडे जड होते ते आवरणात तांदळाच्या दाण्यांसारखे कण साचल्यावर, कंडरा झिजू लागल्यावर किंवा मनगटातील मध्य चेता (हातात जाणारी एक मुख्य नस) दबून अंगठ्याकडील बोटे बधिर झाल्यावर. रोगट आवरण काढल्याने जंतूंचा भार घटतो, चेतेवरील दाब उतरतो आणि ऊतीचा नमुना तपासणीला मिळतो, जो माझ्या मते सर्वांत मोठा लाभ आहे. मात्र व्रण व बोटांचा ताठरपणा हे धोके उरतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतरही औषधांचा पूर्ण क्रम चुकत नाही. तो अर्धवट सोडल्यास रोग पुन्हा उलटू शकतो.