भोसरी-चाकणमधले कारखान्यांचे ‘ओपन डे’ आणि सीएनसी कार्यशाळा: कुठे दिवस वसूल होतो, कुठे वाया जातो

आधी निकाल सांगून टाकू. मोठ्या वाहन कारखान्यात बसभर मुलं फिरवून आणणारी भेट फुकट असेल तर करावी, पैसे मोजून नाही. वीस-पंचवीस सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मशीनच्या जॉब शॉपमधला, म्हणजे ऑर्डरनुसार सुटे भाग बनवून देणाऱ्या कारखान्यातला, ओपन डे चांगला असतो, पण आत कोण फिरवतंय यावर सगळं अवलंबून. आणि ज्या कार्यशाळेत मुलाच्या हातात ड्रॉइंग, धातूचा बार आणि मायक्रोमीटर (बारीक मोजमापाचं साधन) पडतो, तिला शुल्क असलं तरी द्यावं. दहावी-बारावीच्या मुलांचे पालक, आयटीआय आणि डिप्लोमाचे विद्यार्थी यांच्यासाठी हे परीक्षण आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण एकाच कंपनीत एका बॅचला उत्तम माणूस भेटतो आणि पुढच्या बॅचला एचआरचा पीपीटी.

मोठ्या कारखान्यातल्या भेटीचा साचा ठरलेला असतो. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, सेफ्टीचा व्हिडिओ, मग पिवळ्या पट्ट्यांमधून रांगेत चालणं, कुंपणापलीकडे ठिणग्या उडवणारे वेल्डिंग रोबो, शेवटी कॅन्टीनमध्ये चहा-समोसा. भपका आहे आणि मुलं भारावूनही जातात, पण बाहेर येताना त्यांचा समज असा होतो की इथे माणसाला कामच उरलेलं नाही. स्पॉट वेल्डिंगच्या तांब्याच्या टिपा काहीशे टाक्यांनंतर चेपतात, त्या ड्रेस कराव्या, म्हणजे घासून पुन्हा आकारात आणाव्या लागतात. फिक्श्चरची (भाग जागेवर धरणाऱ्या साधनाची) पिन झिजली की पॅनेल सरकतं. सेन्सरवर धूळ बसली की अख्खी लाइन थांबते आणि मेंटेनन्सवाला धावत येतो. नोकरी या कामांमध्ये आहे आणि गॅलरीतून यातलं काहीच दिसत नाही.

तारखेचंही बघा. अमेरिकेत २०१२ पासून ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी ‘मॅन्युफॅक्चरिंग डे’ साजरा होतो आणि त्या निमित्ताने देशभर कारखान्यांची दारं उघडतात. आपल्याकडे असा ठरलेला दिवस नाही. ज्याला जेव्हा सवड तेव्हा तो बोलावतो. भोसरी-पिंपरी भागातल्या बहुतेक लहान युनिटांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. काही जण नेमका गुरुवारच देतात, म्हणजे कामात व्यत्यय नको. त्या दिवशी फरशी लखलखीत आणि मशीन मुकी. महिनाअखेरही टाळा. डिस्पॅचच्या घाईत सुपरवायझर तुमच्याशी तीन मिनिटं बोलेल आणि तीही घड्याळाकडे बघत. महिन्याचा दुसरा आठवडा, पहिली शिफ्ट, सकाळी दहाच्या सुमारास, ही वेळ सगळ्यात सोयीची: फर्स्ट पीस (शिफ्टचा पहिला तुकडा) तपासणीत पास झालेला असतो, मशीन चालू असतात, जेवणाची सुट्टी लांब असते.

जॉब शॉपमध्ये फिरवण्याचा क्रम पाहूनच दिवस कसा जाणार ते कळतं. कच्च्या मालापासून सुरू करून पॅकिंगला संपवणारी फेरी ठीक. लाल बिनपासून सुरू करणारी फेरी त्याहून चांगली. लाल बिन म्हणजे रिजेक्शनची पेटी. त्यातला एकेक जॉब, म्हणजे बनवलेला तुकडा, उचलून ‘हा का गेला?’ विचारलं की खरं शिक्षण सुरू होतं. एका शाफ्टवर व्यास ०.०४ मिमीने कमी, कारण इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलल्यावर ऑफसेट (मशीनला दिलेली टूलच्या जागेची दुरुस्ती) पुन्हा घेतला नाही. दुसऱ्यावर चकच्या (जॉब धरणाऱ्या पकडीच्या) जॉचे वळ, कारण प्रेशर जास्त. तिसऱ्याच्या भोकात नो-गो गेज, जो शिरायलाच नको, आरामात शिरतोय. लाल बिन झाकून ठेवणारा किंवा ‘आमच्याकडे रिजेक्शन शून्य’ म्हणणारा यजमान भेटला तर समजा, दिवस जाहिरातीत गेला.

एका मार्गदर्शकामागे आठ-दहा मुलं, त्याहून जास्त नकोत. चालू शॉप फ्लोअरवर कॉम्प्रेसर, कुलंट (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाचा) पंप आणि एअर ब्लोच्या आवाजात चौथ्या रांगेतल्याला ओठ हलताना दिसतात, एवढंच.

आता कार्यशाळेकडे येऊ. चांगली कार्यशाळा एकच छोटा जॉब निवडते आणि तो पूर्ण करून घेते. ३० मिमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा बार, त्यावर २५ आणि २० मिमीच्या दोन पायऱ्या, १ मिमी चॅम्फर (कडेचा तिरका कट), टॉलरन्स (मापातली सूट) ±०.०५ मिमी. शिकणाऱ्यांसाठी ॲल्युमिनियमच बरं: कापायला मऊ, आणि चूक झाली तर इन्सर्ट सहसा वाचतं. पहिला अर्धा दिवस साध्या लेथवर गेला तर अजून उत्तम. टूल जॉबला टेकल्यावर हँडव्हीलमधून हाताला जे कळतं ते सीएनसीच्या बंद दारामागून कळत नाही. तिथे एकच नियम पहिल्या मिनिटाला सांगायला हवा: चक-की चकमध्ये सोडून हात काढायचा नाही. स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) सुरू झालं तर ती किल्ली गोळीसारखी सुटते. हे न सांगता मशीन सुरू करणारा प्रशिक्षक दिसला तर मुलाला घेऊन परत या.

मग गणित. फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे: कटिंग स्पीड गुणिले हजार, भागिले π (पाय) गुणिले व्यास. २५० मीटर प्रति मिनिट आणि ३० मिमी व्यास धरला तर सुमारे २६५० आरपीएम येतात. प्रोग्रामात जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) लावला की व्यास कमी होत जाईल तसे कंट्रोलर फेरे वाढवत नेतो. फेसिंग (बारचं टोक सपाट कापणं) करताना टूल ५ मिमी व्यासावर पोचेल तेव्हा हाच हिशेब जवळपास १६,००० वर जातो, म्हणून आधी जी५० ने कमाल फेऱ्यांना लगाम घालायचा. ही ओळ प्रोग्रामात का आहे ते समजावणारा शिक्षक आणि ‘लिहायची असते’ म्हणणारा शिक्षक, दोघांच्या कार्यशाळेचं शुल्क बहुधा सारखंच असतं.

फिनिशसाठी तर मुलांना एकच प्रयोग करू द्यावा. ०.४ मिमी नोज रेडियसच्या (टोकाच्या गोलाईच्या) इन्सर्टने आधी ०.२ मिमी फीडवर (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर) कट घ्या, मग ०.१ वर. कागदावरच्या हिशेबात पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा सुमारे ३.१ मायक्रॉनवरून ०.८ वर येतो. फीड निम्मा केला की तो पाव होतो, कारण सूत्रात फीडचा वर्ग आहे. नखाने दोन्ही पट्टे खरवडले तरी फरक कळतो. प्रत्यक्षात आकडा याहून जास्त येईल. ॲल्युमिनियम टोकाला चिकटून थर बसला किंवा कुलंटची धार नेमकी पडली नाही की पृष्ठभाग फाटल्यासारखा दिसतो.

या जॉबमध्ये काय बिघडतं याची यादी लांब आहे, पण तीन चुका जवळपास प्रत्येक बॅचमध्ये होतातच. पहिली दशांश टिंबाची. फॅनुक कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) सेटिंगनुसार एक्स२५ (व्यास २५) असं टिंब न देता लिहिलं तर मशीन ते ०.०२५ मिमी समजतं आणि टूल सरळ केंद्राकडे निघतं. म्हणून पहिला रन सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), रॅपिड (टूलची वेगवान हालचाल) २५ टक्क्यांवर आणि झेड (लांबीच्या दिशेचा) ऑफसेट जॉबपासून दूर सरकवून हवेतच घ्यायचा. दुसरी चूक वेअर ऑफसेटची, म्हणजे टूलच्या झिजेपोटी मापात करायच्या दुरुस्तीची. व्यास २५.०६ आला तर एक्समध्ये वजा ०.०६ द्यायचा. अधिक दिला तर टूल हवेत फिरेल आणि काही बिघडणार नाही, पण घाईत वजा ०.६ टाइप झालं की जॉब २४.४६ चा होऊन लाल बिनमध्ये. शिवाय ऑफसेटच्या पानावर ‘प्लस इनपुट’ जुन्या आकड्यात मिळवतं आणि नुसतं ‘इनपुट’ जुना आकडा पुसून टाकतं. मशीन चालवणारा ऑपरेटर आणि ते जुळवून देणारा सेटर यांच्यातलं अंतर बरंचसं या दोन बटणांमध्ये आहे.

तिसरी चूक मोजमापाची, आणि कार्यशाळा सगळ्यात जास्त हात आखडतात ते इथेच. पाच मुलांत एक व्हर्नियर देऊन भागवतात. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२, जॉबचा एकूण टॉलरन्स ०.१, मोजायचं साधन टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकं बारीक असावं हा रुळलेला नियम, म्हणजे इथे मायक्रोमीटरच हवा. तो धरण्याआधी अॅन्व्हिल (जॉबला टेकणारी तोंडं) पुसायचे, झिरो तपासायचा आणि रॅचेटचा टकटक आवाज येईपर्यंतच फिरवायचा. थिंबल (फिरवायची नळी) पिळून मोजलं तर ०.०१-०.०२ कमी येणारच. जॉब नुकताच मशीनवरून काढलेला, वीस अंशांनी गरम असेल तर २५ मिमी ॲल्युमिनियम ११-१२ मायक्रॉनने फुगलेला असतो. या जॉबला ते चालून जातं. २५ एच७ च्या (२५ मिमीच्या, अचूक बसणीच्या) भोकाला, जिथे एकूण सूट २१ मायक्रॉनची आहे, तिथे अर्धी सूट नुसत्या उष्णतेने खाल्ली.

म्हणूनच सीएमएम (अचूक मोजमापाच्या यंत्राची) रूम २० अंशांवर ठेवलेली असते. त्या खोलीत तीस मुलं कोंबणारे यजमान आहेत. माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. तीस जण म्हणजे तीन किलोवॉटचा हीटर आत आणून ठेवल्यासारखं. काचेबाहेरून दाखवावं, पाच-पाच जणांना आत न्यावं.

रोबोच्या भागात टीच पेंडंट (रोबोला हालचाली शिकवायचा हातातला कंट्रोल) हातात देतात का ते विचारा. मागच्या बाजूचा तीन अवस्थांचा स्विच मधल्या अवस्थेपर्यंत दाबला तरच हात हलतो. सोडला किंवा घाबरून घट्ट आवळला तर थांबतो. शिकवण्याच्या मोडमध्ये वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही. हे स्वतःच्या बोटांनी अनुभवलेलं मूल रोबोला घाबरत नाही आणि देवही मानत नाही. थ्रीडी प्रिंटिंगचं दालन मात्र बहुतेक ठिकाणी नुसतं जागा भरायला असतं. पीएलए प्लास्टिकची तार, २०० अंशांचं नोझल, नाव कोरलेली किचेन. ‘इंडस्ट्री ४.०’चा फलक त्याच टेबलावर! ५० मिमी उंचीचा तुकडा ०.२ च्या थराने करायचा तर २५० थर लागतात. तेवढा वेळ मुलं रांगेत उभी राहण्यापेक्षा बार टर्न करत असलेली बरी. फिक्श्चरचं प्रोटोटाइप किंवा गेज होल्डर छापून दाखवणार असतील तर गोष्ट वेगळी.

पुण्याबाहेरचा पर्याय हवा असेल तर कोल्हापूरचं शिरोली किंवा गोकुळ शिरगाव. तिथल्या फाउंड्रीतली भेट घामाची, काळ्या वाळूची, पण शिकायला भरपूर. ओल्या वाळूत ओलावा साधारण तीन-चार टक्के हवा. जास्त झाला की वाफ अडकून ब्लोहोल (ओतकामात पोकळ्या), कमी झाला की साचा झडतो. इंडक्शन फर्नेसमधून नमुन्याचं छोटं नाणं ओतून स्पेक्ट्रोमीटरवर घटक तपासताना पाहिलं की रसायनशास्त्राचा तास आठवीपासून का होता ते मुलांना उमगतं. फक्त सुती कपडे घालून पाठवा. पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. मशीन शॉपसाठी वेगळी काळजी: ओढणी, कडं, मोकळे केस, सैल बाही नको आणि फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजेही नकोत. बूट बंद असावेत, कारण गरम चिप सँडलमध्ये शिरली की मूल नाचायला लागतं.

करिअरच्या सत्रात चकचकीत स्लाइड दाखवतात तेव्हा पालकांनी विचारायच्या गोष्टी अशा: शिफ्ट आठ तासांची की बारा? नेमणूक कंपनीच्या रोलवर की ठेकेदारामार्फत? अप्रेंटिसचा करार रीतसर नोंदवता का? १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली तो नोंदवला जातो, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना कमाल १५०० रुपये, केंद्र देतं. त्यामुळे ‘परवडत नाही’ हे कारण ऐकून घेऊ नका. ऑपरेटरचा सेटर किती वर्षांनी होतो आणि सेटरचा प्रोग्रामर झालेला एक तरी माणूस या छताखाली दाखवा, असंही म्हणा. एखादा खरंच पुढे आला तर बाकीचं सत्र सोडून त्याच्याशीच बोला.

टर्नर, मशिनिस्ट, फिटर, टूल अँड डाय मेकर हे आयटीआयचे दोन वर्षांचे ट्रेड. त्यानंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. ही माहिती फार थोड्या ओपन डेंमध्ये कुणी आपणहून सांगतं, कारण यजमानाला बहुधा मशीनवर उभी राहणारी मुलं हवी असतात, पुढे शिकायला जाणारी नव्हे.

सहभागाचं प्रमाणपत्र भिंतीला शोभतं, मुलाखतीत त्याला कुणी विचारत नाही. त्याऐवजी जॉबचं ड्रॉइंग आणि स्वतः भरलेली इन्स्पेक्शन शीट मागून घ्या: कुठला व्यास किती आला, किती ऑफसेट दिला, दुसऱ्या पीसला काय सुधारलं. अप्रेंटिसच्या मुलाखतीत हा कागद पुढे केला की समोरचा पहिला प्रश्न त्यातूनच विचारतो. शीट द्यायला नकार देणाऱ्या कार्यशाळेत मोजमाप झालंच नव्हतं, असं खुशाल धरा.