रिव्हर्स वॉकर, गेट ट्रेनर, स्टँडर की व्हीलचेअर: लहान मुलासाठी काय घ्यावं?

सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल आणि तोल बिघडणं, थोडक्यात सीपी) असलेलं मूल दीड-दोन वर्षांचं झालं की घरात एकच प्रश्न फिरत राहतो: "हा चालेल ना?" साधन निवडताना मात्र हा प्रश्न बाजूला ठेवा आणि दुसरा विचारा. आज, याच घरात, हे मूल स्वतःच्या मनाने स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत कसं जाईल? पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत थांबलात तर वर्षं हातची जातात. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आजच सापडतं, फक्त ते एका साधनात मावत नाही.

दुकानात किंवा शिबिरात जाण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून मुलाची जीएमएफसीएस लेव्हल विचारून घ्या. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने १९९७ मध्ये केलेली ही हालचालीच्या क्षमतेची पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे. लेव्हल एक आणि दोनची मुलं पुढे आधाराशिवाय चालतात. दोनमधल्या काहींना लहानपणी थोडे दिवस वॉकर लागतो. तीनची मुलं हातात धरायचं साधन घेऊन चालतात. चारच्या मुलांना धडालाही आधार लागतो, आणि पाचमध्ये मान सावरणंही अवघड असतं. त्याच गटाच्या २००२ मधल्या आलेखांनुसार लेव्हल एकची मुलं आपल्या हालचालीच्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत साधारण पाचव्या वर्षी पोहोचतात, लेव्हल पाचची मुलं पावणेतीन वर्षांच्या आसपास. म्हणजे ज्या मुलाला साधनाची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच हाती वेळ सर्वांत कमी. "अजून लहान आहे, बघू" हे वाक्य म्हणूनच फार महाग पडतं.

पुढचा वॉकर आणि रिव्हर्स वॉकर

दुकानदार "वॉकर" म्हणून आधी पुढचा वॉकर दाखवतो, आजी-आजोबांच्या वॉकरचा छोटा भाऊ. मूल तो ढकलतं, वॉकर पुढे पळतो, मूल त्याच्यामागे वाकतं. कंबर-गुडघे दुमडलेले राहतात आणि सगळा भार हातांवर येतो. रिव्हर्स वॉकर मुलाच्या पाठीमागे असतो. दांडे दोन्ही बाजूंना, समोरची बाजू मोकळी. मूल तो मागून ओढत नेतं, त्यामुळे पाठ सरळ राहायला मदत होते. समोर दांडा नसल्याचा दुसरा फायदा रोजच्या जगण्यातला आहे: मूल थेट टेबलाला, ओट्याला, आईच्या मांडीला जाऊन भिडू शकतं. स्नायू ताठर असलेल्या बहुतेक मुलांसाठी आमची पसंती रिव्हर्स वॉकरलाच. पुढचा वॉकर तेव्हाच, जेव्हा मूल सारखं मागे झोकून देतं किंवा पाठीमागचं साधन त्याला अजिबात उमगत नाही.

उंची मोजताना बूट आणि स्प्लिंट (पाऊल-घोटा सरळ धरणारी पट्टी) घालून मुलाला सरळ उभं करा. मांडीच्या हाडाचा जो उंचवटा कुल्ह्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागतो, त्या पातळीवर मुठी आल्या पाहिजेत आणि कोपर थोडं, १५ ते ३० अंश, दुमडलेलं हवं. मुठी खाली गेल्या की मूल वाकतं, फार वर गेल्या की खांदे कानाला लागतात. मागच्या चाकांना उलटं न फिरू देणारा खटका असतो. सुरुवातीला तो लावूनच ठेवा, नाहीतर मूल मागे टेकलं की वॉकर घसरतो आणि डोकं फरशीवर आपटतं. पुढची चाकं गोल फिरणारी असतील आणि वॉकर सारखा एका बाजूला जात असेल, तर ती सरळ लॉक करून ठेवा. एका हाताची पकड नसेल तर त्या बाजूला कोपरापासून पुढचा हात टेकवायची पट्टी बसवून मिळते.

आपल्या घरांमध्ये सगळं अडतं ते उंबरठ्यावर. पुढचं छोटं चाक दगडी उंबऱ्याला टेकतं, मूल जोर लावतं, मागची चाकं उचलली जातात आणि मूल तिथेच रडत उभं राहतं. चार-पाच वेळा असं झालं की ते वॉकरला हातच लावत नाही, आणि घरचे समजतात की त्याला चालायचंच नाही. सुताराकडून लाकडी उतार करून घ्या: एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे दीड इंचाच्या उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट. सगळ्या दारांची मोकळी रुंदी टेपने मोजा, कडीकोयंडा धरून. मोरीचं दार बहुधा सर्वांत अरुंद असतं, आणि वॉकर तिथे बसत नसेल तर ते घेण्याआधी कळलेलं बरं.

मूल वॉकरसाठी तयार आहे का, हे घरीच बघता येतं. मान सावरता येते का? दांडा धरून काही सेकंद उभं राहतं का? कमरेला धरलं तर पाऊल टाकतं का? तिन्हींना "हो" असेल तर वॉकर. पाऊल टाकतं, पण धड एका बाजूला कलंडतं, असं असेल तर आता येणारा गेट ट्रेनर बघा.

गेट ट्रेनर

हा धडालाही आधार देणारा, चालण्याचा सराव करवणारा चाकांचा सांगाडा. यात छातीला पट्टा, कमरेला आधार, दोन पायांमध्ये सीट आणि पोटऱ्या वेगळ्या ठेवणारे पट्टे असतात. लेव्हल चारच्या आणि काही लेव्हल पाचच्या मुलांना स्वतः पाय उचलून जागा बदलण्याचा पहिला अनुभव बहुधा याच साधनात मिळतो. गंमत म्हणजे ज्या सीटमुळे हे शक्य होतं, तीच बिघडवतेही. सीट वर ठेवली की मूल तिच्यावर लटकतं, चवड्यांनी जमीन ढकलतं आणि साधन पुढे सरकतं. बघणाऱ्याला वाटतं, चाललं! खाली वाकून टाच बघा. टाच टेकत नसेल तर हे चालणं नव्हे, आणि पोटरीचा आधीच आखडलेला स्नायू आणखी आखडतो. सीट एवढी खाली आणा की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील, गुडघे किंचित वाकलेले राहतील आणि सीट व मुलाच्या मधून तुमचा तळहात सरकेल. धड थोडं पुढे झुकेल असं लावलं तर पाऊल सोपं जातं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील तर पोटरीचे पट्टे वापरा. ते लावूनही येत असतील तर साधन बदलून उपयोग नाही, स्नायूंच्या ताठरतेबद्दल डॉक्टरांशी बोला.

तोटे सरळ आहेत. साधन मोठं आणि जड असतं, दहा बाय बाराच्या खोलीत पलंग असताना वळत नाही. मुलाला उचलून आत घालायला एकाच माणसाला पाच-दहा मिनिटं लागतात. चाळीची लांब गॅलरी, सोसायटीचं पार्किंग, शाळेचा व्हरांडा अशी मोकळी सपाट जागा रोज मिळणार असेल तरच घ्या. नाहीतर महिन्याभरात त्यावर कपडे वाळत पडतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. बाळांसाठी मिळतो तो गोल, चाकांचा प्लॅस्टिकचा वॉकर म्हणजे गेट ट्रेनर नव्हे. त्यात बूड झोळीत लोंबतं, बाळ चवड्यांवर ढकलतं आणि पायरीवरून उलटायचा धोका असतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. पाय ताठ असलेल्या मुलाला तर तो हमखास त्रास देतो. मामाने हौसेने आणला असेल तरी परत करा.

स्टँडिंग फ्रेम

स्टँडर म्हणजे मुलाला पट्ट्यांच्या आधाराने उभं ठेवणारी चौकट. ती मुलाला कुठेही नेत नाही. तरी त्याचा विचार इथे हवा, कारण बजेट एकाच वस्तूचं असेल तर वॉकर की स्टँडर हा पेच प्रत्येक घरात पडतो. लेव्हल चार-पाचसाठी स्टँडर आधी. या मुलांचा खुब्याचा सांधा सरकायचा धोका मोठा असतो: ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पाहणीत लेव्हल एकमध्ये असं एकही मूल नव्हतं, लेव्हल पाचमध्ये दहातल्या नऊ मुलांत सांधा सरकलेला आढळला. खुब्यासाठी दिवसाला साधारण एक तास उभं राहणं आणि दोन्ही पाय मिळून ३० ते ६० अंश फाकलेले, हाडांच्या मजबुतीसाठी आठवड्यातून पाच दिवस ६० ते ९० मिनिटं, असं प्रमाण सांगितलं जातं. एका दमात होत नसेल तर सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करा. स्टँडर घेण्याआधी खुब्याचा एक्स-रे मात्र हवाच.

मान धरणाऱ्या मुलाला पोटाकडून आधार देणारा स्टँडर चालतो, न धरणाऱ्याला पाठीकडून आधार देणारा. सुताराकडून १८ मिमी प्लायचा करून घेणंही चांगला पर्याय आहे, फक्त तीन चुका टाळा. गुडघ्याचा पट्टा वाटीवर येऊ नये, वाटीच्या जरा खाली यावा. बैठक पुरेशी रुंद असावी, कारण ताठर मूल अचानक मागे जोर देतं. आणि आजच्या मापाला खिळे ठोकू नका: तीन ते पाच वर्षांच्या वयात मूल वर्षाला सहा-सात सेंटीमीटर वाढतं, म्हणून ट्रे आणि पट्ट्यांसाठी इंचा-इंचावर भोकं पाडून बोल्ट लावा.

व्हीलचेअर आणि सीपी चेअर

आईवडिलांना सर्वांत जड जाणारा निर्णय हाच. व्हीलचेअर घेतली म्हणजे चालणं सोडलं, असं मनात बसलेलं असतं. प्रत्यक्षात लेव्हल तीनचं मूल घरात वॉकरवर आणि शाळेत चेअरवर असतं, आणि ते योग्यच आहे. ताठर पायांनी चालायला दम फार लागतो. शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत चालून थकलेल्या मुलाकडे पाटीवर अक्षर काढायला जोर उरत नाही.

सीपी चेअर वेगळी. ती जेवायला, खेळायला, अभ्यासाला बसण्यासाठी. बग्गी, म्हणजे मोठ्यांनी ढकलायची घडीची गाडी, तिसरी: एसटीने किंवा रिक्षाने दवाखान्यात जायला उत्तम, पण तिथे दिशा ठरवणारा दुसराच. मुलाचे हात चालत असतील तर बग्गीवर थांबू नका.

मोठ्यांची चेअर उशा घालून मुलाला देऊ नका. कुल्ह्याच्या रुंदीपेक्षा सीट फार तर एक इंच जास्त हवी. पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन बोटं जागा राहावी. हात खाली सोडला की बोटांची टोकं चाकाच्या मधल्या आसापर्यंत पोचायला हवीत, तरच कडं ढकलता येतं. रेक्झिनची सीट झोळीसारखी खाली जाते, मांड्या आत वळतात, मूल एका कुशीवर कलतं. तिच्यावर प्लाय आणि त्यावर फोम टाका. पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडाखालून, सीटशी तिरका खाली ओढलेला हवा. मूल घसरून खाली येतंय असं दिसलं की लोक छातीचा पट्टा आवळतात. चूक तिथे नसते, कमरेच्या पट्ट्यात किंवा सीटच्या खोलीत असते.

बॅटरीवर चालणारं

हात-पाय दोन्ही अडलेल्या मुलासाठी हाच पर्याय स्वतः फिरण्याचा सर्वांत लवकर मिळणारा मार्ग असतो. अमेरिकेत शार्लीन बटलर यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं की दोन-तीन वर्षांची मुलं मोटरची चेअर शिकतात. त्यांच्या एका अभ्यासात १३ पैकी १२ मुलं शिकली. डेलावेअर विद्यापीठात कोल गॅलोवे यांनी बॅटरीच्या खेळण्यातल्या गाड्या अशा मुलांसाठी बदलून द्यायला सुरुवात केली. तसली गाडी आपल्याकडे खेळण्यांच्या दुकानात मिळते. पायाच्या पॅडलचा स्विच काढून त्याच तारांवर तळहाताएवढं मोठं बटण स्टिअरिंगवर बसवायचं, पाठीला प्लायचा आधार आणि फोम, बाजूला पीव्हीसी पाइपची चौकट. तारेत फ्यूज हवा. सहा व्होल्टची गाडी घ्या, १२ व्होल्टची लहान खोलीत फार पळते. यातली बॅटरी शिशाची असते. उतरलेली तशीच महिनाभर ठेवली तर मरते. दिशा दुसऱ्याने धरली तरी सुरुवातीला हरकत नाही. बटण दाबलं की आपण हलतो आणि सोडलं की थांबतो, हे मुलाला उमगणं हाच पहिला टप्पा.

पैसे आणि मोजमाप

अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी (अपंगत्वाचं ओळखपत्र) कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. एक नियम पालकांना बहुधा सांगितला जात नाही: मोठ्यांना तेच साधन तीन वर्षांनी पुन्हा मिळतं, १२ वर्षांखालच्या मुलांना एका वर्षाने. म्हणून "मोठंच द्या, पुरेल" असं म्हणून सैल साधन घेऊ नका. मोजमाप आणि वाटप यांच्यात काही महिने जाऊ शकतात, तेव्हा मापाच्या दिवशी उंची कमी-जास्त करता येणारंच मागा आणि घ्यायला जाताना मुलाला सोबत न्या. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओ भेटतात.

कुठूनही घेतलं तरी मुलाला त्यात वीस मिनिटं ठेवा, मग कपडे आणि स्प्लिंट काढून कातडी बघा. लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर तो पट्टा हलवायला हवा. घरी आल्यावर दांड्याच्या आजच्या भोकाला मार्करने खूण करून शेजारी तारीख लिहा, आणि दर तीन-चार महिन्यांनी बूट घालून मूल पुन्हा त्या खुणेशी उभं करा.